कराराचे शेवटचे कलम
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मी एक निवृत्त शिक्षक. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. व्यापारी कायद्याविषयी बोलण्याचा अधिकार मला विद्वत्तेने नव्हे, एका चुकीने प्राप्त झाला आहे.

माझ्या धाकट्या भावाने परदेशी हळद धाडण्याचा करार केला. घरात शिकलेला मी, म्हणून त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. भाव, वजन व मुदत एवढे वाचून मी म्हणालो, "कर सही." पुढे माल पोहोचल्यावर घेणाऱ्याने ओलाव्याचे निमित्त काढून पैसे अडविले. येथेच दावा लावावा म्हणून आम्ही मुंबईस वकिलांकडे गेलो. त्यांनी शेवटच्या कलमावर बोट ठेविले: वादाचा निवाडा लंडन येथील लवादाने करावा!

त्या वकिलांचे काम मी जवळून पाहिले. वजनाच्या चिठ्ठ्या, तपासणीचे दाखले, जहाजावर माल चढविल्याची पावती, पत्रव्यवहार हे सारे त्यांनी तारीखवार लाविले. आमची बाजू कोठे लंगडी आहे हेही स्पष्ट सांगितले. लंडनचा खर्च येण्यापेक्षा जड होता. म्हणून त्यांनी तडजोड घडवून निम्म्याहून थोडी अधिक रक्कम मिळवून दिली.

परदेशातील निवाडा म्हणजे कोरा कागद, असे कोणी समजू नये. न्यूयॉर्क येथील १९५८ च्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९६० मध्ये मान्यता दिली आहे. रेणुसागर कंपनीने १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी वीजकेंद्राच्या सामग्रीचा करार केला. त्यातील वादाचा लवादी निवाडा १९८६ मध्ये झाला, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमलात आणण्याजोगा ठरविला १९९३ साली. कराराची शाई वाळून एकोणतीस वर्षे लोटली होती!

सरकारासरकारांतील तंट्यांसाठी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना आहे. तेथे व्यापाऱ्यास स्वतः दाद मागता येत नाही. समुद्री कासवांच्या रक्षणार्थ अमेरिकेने कोळंबीच्या आयातीवर घातलेल्या बंदीविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड तेथे गेले. १९९८ च्या अपिलात हेतू रास्त, पण अंमलबजावणीची रीत पक्षपाती, असा निर्णय झाला. अशा सूक्ष्म भेदांवर कोळ्यांची व कारखान्यांची रोजीरोटी अवलंबून असते. तो भेद मांडणारा वकील केवळ भांडण वाढविणारा, असे कसे म्हणावे?

तरी माझी विनंती एवढीच. करार वाचताना शेवटचे कलम आधी वाचा. कळले नाही तर सहीपूर्वी जाणत्यास विचारा. ती फी खटल्याच्या फीहून हलकी असते. आणि आपल्या बुद्धिमान मुलामुलींना या विद्येकडे वळवा.

माझ्या भावाने मला आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. सही करताना तो एवढेच म्हणाला होता, "दादा, तुम्ही वाचलेत ना? मग झाले." ते शब्द मला अद्याप टोचतात. आपणांपैकी कोणावर ती पाळी येऊ नये, म्हणून हे चार शब्द बोललो. जय हिंद!