फराळाचे ताट



माझे माहेर खालापूरचे, सासर कर्जतचे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुले क्रोशाच्या रुमालाखाली फराळाची ताटे घेऊन घरोघर जात असू. करंजी न मोडता पोचवणे हीच परीक्षा! ताट रिकामे कधी परत येत नसे; काही नाही तर चिमूटभर साखर असेच. भातकापणीनंतर जमिनीच्या ओलाव्यावर येणारे आपल्याकडचे कडवे वाल मुंबईच्या पाहुण्यांच्या पिशवीत आठवणीने घातले जात. हल्ली विकतचे खोके देतात. नोकरी करणाऱ्या सुनेला त्यावरून बोल लावू नये. पण निदान एक पदार्थ हातचा असावा, असे मला वाटते.

मात्र एका घराचे ताट सर्वांच्या आधी भरावे. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले, तिथे पहिल्या दिवाळीला फराळाची कढई चढत नाही. माझी आई त्या घरी चकल्या, अनारसे नेई, स्वतः मुलांपुढे ठेवी, आणि ताटासाठी थांबत नसे. ‘भांडे राहू दे, घाई नाही,’ एवढेच म्हणे. यंदा आपल्या आळीत अशी दोन घरे आहेत. कोणी काय करायचे ते आजच वाटून घेऊ. लाडवांचे माझ्याकडे.