मूकपटांतील क्रांती : इतिहास आणि प्रचार



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी मला मराठी लिहायला शिकवले आणि लिहिलेले खोडायलाही शिकवले. दुसरी विद्या अधिक अवघड होती. आजचा विषय मी तिच्यासाठीच निवडला आहे.

वर्गात तानाजीचा धडा चालू होता. मी उभा राहून सांगितले, "गुरुजी, माझ्या आजोबांनी तानाजीला पाहिले आहे." वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "तुझे आजोबा खोटे बोलणारे नव्हेत. त्यांनी काय पाहिले, ते मात्र नीट विचारून ये." घरी विचारले, तेव्हा उलगडा झाला. आजोबांनी तरुणपणी बेळगावात 'सिंहगड' हा मूकपट पाहिला होता. रात्रीची लढाई, मशाली आणि कडा हे सारे त्यांच्या डोळ्यांत इतके ठसले होते, की चाळीस वर्षांनीही ते "मी तानाजी पाहिला" असेच म्हणत.

तो चित्रपट १९२३ सालचा, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. कॅमेरा स्वतः घडवणारा, पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यांऐवजी भरीव नेपथ्य उभारणारा हा कलावंत. कथा हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' ह्या कादंबरीवरून घेतलेली. विशीतल्या शांताराम वणकुद्रे ह्यांनी, म्हणजेच पुढच्या व्ही. शांताराम ह्यांनी, त्यात वृद्ध शेलारमामाची भूमिका केली होती. रात्रीच्या युद्धप्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला आणि प्रेक्षक थक्क झाले.

आता इतिहासाकडे वळू. कोंढाणा १६७० च्या फेब्रुवारीत घेतला गेला, तानाजी मालुसरे तेथे पडले, हे निर्विवाद आहे. परंतु दोर लावून कडा चढणारी घोरपड आपल्याला पोवाड्याने दिली. सभासदाच्या बखरीत मावळे कडा चढतात, पण घोरपड नाही. तानाजींच्या मृत्यूनंतर गडाला 'सिंहगड' हे नाव मिळाले, हीही आपली आवडती समजूत. ते नाव १६६३ च्या पत्रात आढळते, हे इतिहास-अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे पोवाडा, कादंबरी आणि चित्रपट अशी तीन पावले चालून दंतकथा आजोबांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचली आणि तेथे ती साक्ष झाली.

मग बाबूरावांनी लबाडी केली काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी स्वराज्याविषयी उघड बोलणे धोक्याचे होते. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये बंदी आली, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला. १९१८ च्या कायद्याने चित्रपटांवरही परीक्षणाची दोरी आली. १९२० च्या 'सैरंध्री'त कीचकाच्या वधाचे दृश्य इतके जिवंत उतरले, की ते कापावे लागले. १९२१ च्या 'भक्त विदुर'मध्ये विदुराच्या डोक्यावर गांधीटोपी होती. मद्रास आणि कराचीच्या अधिकाऱ्यांना तिचा अर्थ कळला आणि बंदी आली. पुढे १९२९ मध्ये प्रभातची स्थापना झाली. शांतारामांनी शिवरायांच्या तोरणा-विजयावर चित्रपट केला आणि शिवरायांची भूमिकाही स्वतःच केली. मूळ नावात 'स्वराज्य' हा शब्द होता. तो सरकारला खपला नाही. ध्वज फडकवण्याच्या दृश्यालाही कात्री लागली आणि १९३० मध्ये चित्रपट 'उदयकाल' ह्या नावाने लोकांपुढे आला. ज्या राज्यात तीन अक्षरांच्या शब्दाचीही भीती वाटते, तेथे कलावंताने इतिहासाच्या आडून बोलावे, हे स्वाभाविक होते. सतरावे शतक पडद्यावर होते, प्रेक्षकांच्या मनात मात्र विसावे शतक चालले होते.

ह्याच सुमारास रशियात याच्या उलट स्थिती होती. तेथे क्रांती सत्तेवर आली होती आणि चित्रपट सत्तेच्या पदरी होता. आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' १९२५ चा. १९०५ च्या नौसैनिकांच्या बंडाची ती कथा. ओडेसाच्या पायऱ्यांवरून बंदुका रोखून उतरणारे सैनिक आणि घरंगळत जाणारी बाळाची गाडी एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. शहरात त्या दिवसांत रक्तपात झाला, माणसे मेली, हे सत्य आहे. पण त्या पायऱ्यांवरची ती कत्तल, दाखवली तशी, दिग्दर्शकाच्या प्रतिभेतून आली. चित्रपट विजयाच्या क्षणी संपतो. प्रत्यक्षात त्या जहाजाला अखेर रुमानियाच्या बंदरात शरण जावे लागले. ब्रिटनने ह्या चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनावर १९५४ पर्यंत बंदी ठेवली.

त्याचा 'ऑक्टोबर' हा १९२८ चा मूकपट तर अधिक बोलका आहे. १९१७ मध्ये हिवाळी राजवाडा फारशा लढाईविना हाती आला. चित्रपटात मात्र फाटकांवर जनसागर उसळतो. त्याआधी १९२० मध्ये त्याच चौकात ह्या घटनेचा भव्य नाट्यप्रयोग झाला होता. त्याचे छायाचित्र पुढे कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष क्रांतीचे म्हणून छापले गेले. आणि ट्रॉट्स्की सत्तेबाहेर पडताच त्याच्या दृश्यांना कात्री लागली. क्रांतीतला एक प्रमुख माणूस दहा वर्षांत क्रांतीच्या चित्रातून पुसला गेला.

येथे मला एक भेद करावासा वाटतो. घोरपड घालणे आणि ट्रॉट्स्की पुसणे ह्या दोन्ही गोष्टी इतिहासापासून दूर जाणाऱ्या आहेत, पण त्या एका जातीच्या नाहीत. घोरपडीने कोणाचे स्थान हिरावले नाही. शिवाय कोल्हापूरचा कलावंत सत्तेच्या कात्रीखाली बोलत होता, तर तिकडे कात्रीच सत्तेच्या हाती होती. तरीही आपण निर्धास्त राहू नये. आज घातलेली निरुपद्रवी घोरपड उद्या श्रद्धा होते, आणि श्रद्धेविरुद्ध कागद दाखवणारा शत्रू ठरतो. तेव्हा पुसणे दूर राहत नाही.

आता स्वतःची चूक सांगतो. आपण सीमाभागातली माणसे. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपल्या मनात एक प्रश्न आहे. त्याच्या लढ्यात आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, प्राण दिले. तरुणपणी मी एका स्मरणिकेसाठी जवळच्या एका मोर्चावर लेख लिहिला. मोर्चा मी पाहिलेला नव्हता. तरी 'हजारोंचा जनसागर' लिहिला आणि कौतुकासाठी गुरुजींकडे नेला. गुरुजी त्या मोर्चात चालले होते. त्यांनी लाल शाईने 'हजारो' खोडून 'तीनशेच्या आसपास' लिहिले. मी रागावलो. म्हणालो, "गुरुजी, ह्याने आपलीच बाजू दुबळी होईल." ते म्हणाले, "अरे, पिकाचे दिवस होते. तीनशे माणसे हातचे काम टाकून आली, हे तुला थोडे वाटते? तू हजारो लिहिलेस की त्या तीनशे जणांची किंमत जाते. आणि उद्या कोणी हा आकडा खोटा ठरवला, तर लाठीही खोटी ठरेल."

त्या वेळी मी गप्प झालो, पण पटले नव्हते. पुढे पुण्यात एका फिल्म सोसायटीत 'ऑक्टोबर' पाहताना, फाटकांवर उसळणारा तो जनसागर पडद्यावर आला आणि मला माझा लेख आठवला. शब्दही तोच होता. त्या दिवशी गुरुजींची लाल शाई मला कळली.

भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले अगदी थोडे शिल्लक आहेत. बाकीच्यांची आठवण माझ्या आजोबांसारख्यांच्या तोंडी होती. ती माणसेही गेली. उचगावातल्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी जे सांगतील ते लिहून ठेवा, आणि त्यांनी काय पाहिले, काय ऐकले, हे नीट विचारून वेगवेगळे लिहा. साहित्य संमेलन भरवणाऱ्या ह्या गावाला हे जड नाही.

आजोबांना शेवटपर्यंत कोणी दुरुस्त केले नाही. मीही नाही. त्यांनी तानाजी पाहिला होता. कोणाचा पाहिला, हे लक्षात ठेवणे माझे काम होते. ते ज्यांनी मला नेमून दिले, त्या गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी थांबतो.