दोन कप चहा आणि एक ‘का’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गझल म्हटली की लोक हमखास विचारतात, मन भरून आलेलं असताना मात्रा मोजायला सुचतं तरी कसं? माझ्याच एका शेरावरून सांगतो. पत्नी गेली, त्याच्या पुढच्या वर्षी लिहिलेला हा मतला:

दारात सांजवेळी मी थांबतो अजूनी
दोघांपुरा चहा मी का टाकतो अजूनी

वृत्त आनंदकंद. ‘गागालगा लगागा’ हा तुकडा ओळीत दोनदा येतो. तुकड्याच्या १२ मात्रा, ओळीच्या २४. चाल तुमच्या ओळखीची आहे. इक्बालांचं १९०४ मधलं ‘सारे जहाँ से अच्छा’ गुणगुणून पाहा, ते याच लगावलीवर चालतं. फारसी-उर्दूतली अशी वृत्तं मराठीत रुजवली ती माधव जूलियनांनी. त्यांची ‘गज्जलांजली’ १९३३ची.

‘थांबतो’, ‘टाकतो’ हे काफिये. त्यांच्या पाठोपाठ न बदलता येणारा ‘अजूनी’ हा रदीफ. मतल्यात तो दोन्ही ओळींत असतो, पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. शब्द तोच आणि अर्थही तोच राहिला, तर ती नुसती पुनरुक्ती. इथं पहिला ‘अजूनी’ वाट पाहणाऱ्याचा आहे, त्यात थोडी आशा आहे. दुसरा सवयीचा. माणूस गेल्याचं मनाला कळलं, हाताला कळलेलं नाही.

पहिल्या खर्ड्यात मात्र ‘हा टाकतो अजूनी’ असं होतं. वृत्त बिनचूक, पण ‘हा’ निव्वळ भरीचा. महिनाभर ओळ तशीच पडून राहिली. मग मुलगी माहेरी आली. ती चहा घेत नाही. संध्याकाळी तिनं पातेल्यात डोकावलं. आमच्या घरात दखनी बोलतात. म्हणाली, “अब्बा, दो कप कायकू?”

मला उत्तर देता आलं नाही. रात्री वही काढली, ‘हा’ खोडून ‘का’ लिहिलं. तोही गुरू, हाही गुरू. मात्रांचा हिशेब जागचा हलला नाही. शेर मात्र त्या रात्री माझा झाला.

नव्यानं लिहिणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगतो. मात्रा जरूर मोजा. मोजून झाल्या की भरीचा शब्द शोधा. जे सांगायचं आपण टाळत असतो, त्याची जागा पुष्कळदा त्यानंच अडवलेली असते.