गाडी घेण्याआधी



गेल्या रविवारी आम्ही शेजारच्या वहिनींबरोबर सातारला स्कूटर पाहायला गेलो होतो. तिथे काय झाले ते आज सांगतो.

वहिनी जेवणाचे डबे पोचवतात. रोज पंधरा डबे. आजवर भाच्याच्या गाडीवर नेत. आता त्यांनी स्वतः परवाना काढला आहे. चार वर्षे भिशीत पैसे साठवले. आज साधी स्कूटर म्हटली तरी लाखाच्या घरात जाते. वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही जुने स्कूटरवाले. चला बरोबर."

जुने खरेच! आम्हाला स्कूटर मिळाली 1984 साली. मिळाली म्हणतो, घेतली म्हणत नाही. तेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागला की येईल ती गाडी घ्यायची. आधी चालवून बघतो, असं कोण म्हणणार?

आता परवाना दाखवला की चालवायला देतात. दुकानातल्या मुलाने एक कागद पुढे केला. "इथे सही करा." वहिनी कागद वाचू लागल्या. अक्षर बारीक, वेळ लागला. मुलगा चुळबुळ करू लागला. गाडी पडली तर दुरुस्तीचा खर्च चालवणाऱ्याने द्यायचा, असे त्यात होते. ते नीट वाचून मग त्यांनी सही केली.

आधी आम्ही बसलो. आमची फजिती झाली, ती लपवत नाही. जुन्या स्कूटरला क्लच आणि गिअर डाव्या हाताला, मागचा ब्रेक उजव्या पायाशी. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. दोन्ही ब्रेक हातात. समोर भाजीची हातगाडी आली. आमचा उजवा पाय ब्रेक शोधू लागला. तो कुठला सापडतो! मग डाव्या हाताने क्लच समजून गच्च दाबले, तो निघाला ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली. हातगाडी दोन हातांवर राहिली. भाजीवाली म्हणाली, "आजोबा, जरा दमानं." चाळीस वर्षे गाडी चालवल्याचा आमचा तोरा तिथेच उतरला. हातापायांना जुनी गाडी पाठ असते, बरं का.

मग वहिनींनी हेल्मेट घातले आणि आपली मोठी पिशवी उचलली. आत पंधरा डबे, पाण्याने भरलेले! घरून एस.टी.ने आणले होते. मुलगा बघतच राहिला. वहिनी म्हणाल्या, "रिकामी गाडी मी कधी चालवणारच नाही. मग रिकामी बघून काय करू?"

पिशवी पायांपुढे ठेवली, तर पाय ठेवायला जागा उरेना. हँडल डावीकडे वळवले की पिशवीला अडे. समर्थ मंदिराकडचा चढ गाडी चढली. उतरताना ब्रेकही चांगले लागले. पण थांबल्यावर वहिनींची नुसती बोटे जमिनीला टेकली. ओझ्याने गाडी कलली. आम्ही धावत जाऊन धरली, म्हणून बरे.

मुलगा म्हणाला, "सवय होईल, काकू."

"मला होईल रे. पण डबे सांडले तर माणसं उपाशी राहतील, त्याचं काय?"

त्याने दुसरी, कमी उंचीची गाडी काढली. हिच्यावर दोन्ही पाय टेकले, पिशवीही बसली. मधले स्टँड मात्र वहिनींना जमेना. त्या हाताने गाडी ओढत होत्या. मुलाने दाखवले, स्टँडवर पाय देऊन अंगाचा भार टाकायचा. तिसऱ्या खेपेला जमले.

मग घेतली का? नाही. बयाणाही दिला नाही. दुकानापुढचा रस्ता डांबरी, आणि वहिनींच्या घराकडचा खडीचा. त्यात ओढ्याजवळ खड्डे. तिथे ही गाडी कशी चालते ते बघायचे राहिले. वहिनींनी तसे स्पष्ट सांगितले. मुलाने मालकाला विचारले. येत्या शनिवारी तो गाडी घेऊन आपल्या गावात येतो आहे.

वहिनींनी डबे पुन्हा भरायला काढून ठेवलेत.