शर्यतीची गाडी आणि घरची गाडी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चेन्नई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीपासून मधुमेहापर्यंत बहुतेक सर्व विषय होऊन गेले. मोटारगाडी तेवढी राहिली होती. ती उणीव भरून काढण्याचे काम चिटणीसांनी आमच्याकडे सोपविले आहे. आरंभीच कबूल करावयास हवे की मोटारींच्या धंद्याशी आमचा संबंध कधीच आला नाही. पाण्याचे पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात आम्ही चौतीस वर्षे काढली. मोटार ही आमची हौस. बायको तिला व्यसन म्हणते. तेव्हा जे सांगू ते एका हौशी माणसाचे मत, इतकेच.

2024 साली 31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर या दोन दिवशी आपल्या शहरात रस्त्यावरची रात्रीची मोटारशर्यत झाली, हे आपणांस स्मरत असेल. विसरणे शक्यच नाही, कारण गणपती आठवड्यावर आले होते आणि आयलंड ग्राउंडच्या बाजूचे रस्ते बंद असल्याने तालमीला येणाऱ्या मंडळींना मोठमोठे वळसे पडले. साडेतीन किलोमीटरांचा तो मार्ग, नेपिअर पुलावरून दिव्यांच्या झगमगाटात जाणाऱ्या त्या फॉर्म्युला फोर गाड्या! आपल्यापैकी अनेकांनी त्या वेळी आम्हांस विचारले, ‘‘काका, या वेड्या पोरांच्या जिवाशी खेळ कशाला?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तेव्हा रस्त्यावर उभ्या उभ्या देता आले नाही, ते आज देण्याचा विचार आहे.

वास्तविक शर्यतीचे वेड आपल्याला परके नाही. विदर्भात शंकरपट, पुण्याकडे बैलगाडा. त्यावर बंदी आली, उठली, आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने परवानगी कायम केली, तेव्हा गावोगाव गुलाल उधळला गेला. जिथे चाक आहे तिथे ‘माझे पुढे की तुझे’ हा प्रश्न आहेच.

आम्ही 1974 साली मद्रासला आलो. पहिल्याच फेब्रुवारीत कारखान्यातला एक तमिळ सहकारी आम्हांस शोलावरमला घेऊन गेला. कलकत्ता रस्त्यावर, शहराच्या उत्तरेला, दुसऱ्या महायुद्धात बांधलेली विमानांची धावपट्टी होती. युद्ध संपले, विमाने गेली, आणि पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने तिथे शर्यती भरविण्यास सुरुवात केली. 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टैला क्लबचा स्वतःचा मार्ग तयार होईपर्यंत शोलावरम हीच दक्षिणेची पंढरी होती. ऊन, धूळ, जळक्या तेलाचा वास, आणि आपण रोज रस्त्यावर पाहतो त्याच गाड्या. फियाट, हेरल्ड, अँबॅसडरसुद्धा. पण आतून पार बदललेल्या. मागचे आसन काढलेले, दाराचे अस्तर काढलेले, आणि आत छताला व खांबांना धरून लोखंडी नळ्यांचा पिंजरा. आम्ही प्रथम तो पिंजरा पाहिला तेव्हा हसू आले. वाटले, इतकी भीती वाटते तर घरी बसावे!

1979 साली आम्ही स्वतःची पहिली गाडी घेतली, जुनी स्टँडर्ड हेरल्ड. ही गाडी खास आपल्या मद्रासची. मूळ आराखडा मिकेलोत्ती नामक इटालियन कलावंताने इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीसाठी केला; तिथे तिला दोनच दारे होती, चार दारांची हेरल्ड निघाली ती भारतात. बॉनेट उचलले की दोन्ही मडगार्डांसह गाडीचे सारे तोंड पुढे उघडे, इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करावे. वळणाचा घेर असा लहान की मैलापूरच्या गल्लीतही ती एका दमात उलटी फिरे. पण तिच्यात एक खोड होती. मागच्या चाकांचे आस मध्यापासून डोलणारे असत. वेगात वळण घेताना माणसाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की बाहेरचे मागचे चाक आत दुमडू पाही आणि गाडीची शेपूट निसटे. शोलावरमला शर्यतीचे मेस्त्री त्यासाठी स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवीत. आम्ही ते पाहत होतो, त्यावर तासन्‌तास बोलत होतो, आणि घरी येताना आमच्या गाडीत मात्र साधे पट्टेही नव्हते.

आता जे सांगावयाचे आहे ते या सभागृहातील जुन्या मंडळींस ठाऊक आहे, नव्यांस नाही. 1982 चा फेब्रुवारी. आमच्याबरोबर आमचे एक स्नेही होते. मंडळाच्या नाट्यसंगीताला पेटीवर बसत ते. नाव घेत नाही. त्यांना ते आवडले नसते. त्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत एक फियाट वळणावर उलटली. एकदा नव्हे, तीनदा. काचांचा चुरा झाला, एक चाक निखळून गवतात गेले. सारे लोक उभे राहिले. पाहतो तो चालक खिडकीतून बाहेर सरकला, शिरस्त्राण काढले आणि लोकांकडे पाहून हात हलविला. नळ्यांचा पिंजरा जागच्या जागी होता आणि खांद्यांवरच्या पट्ट्यांनी त्याला आसनाशी बांधून ठेवले होते. आमचे स्नेही म्हणाले, ‘‘दैव बलवत्तर!’’ आम्हीही मान डोलावली.

परतताना रेड हिल्सच्या अलीकडे अंधार पडला. वेग ताशी पन्नास किलोमीटरही नसेल. रस्त्यात एक मालट्रक उभा होता, मागे दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. आम्ही ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण ट्रकच्या फाळक्याला टेकल्यावर. आमची छाती स्टिअरिंगवर आदळून दोन फासळ्या मोडल्या. स्नेह्यांचे डोके समोरच्या काचेवर गेले. त्यांचा उजवा डोळा वाचला नाही. पुढे वीस वर्षे ते पेटी वाजवीत राहिले. पेटीला डोळे लागत नाहीत, असे विनोदाने म्हणत, आणि आम्हांस एका शब्दानेही कधी दोष दिला नाही. हिशेब मात्र आमच्या मनातून गेला नाही. ताशी सव्वाशेच्या वेगात तीन कोलांट्या खाणारा पोरगा हात हलवीत घरी गेला, आणि दोन संसारी माणसे पन्नासच्या आतल्या वेगात जायबंदी झाली. यात दैवाचा भाग फारच थोडा होता.

शर्यतीच्या जगालाही ही अक्कल सहजासहजी आली नाही. 1955 साली ल मान्सला एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. 1966 साली बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्टुअर्ट पावसात घसरून गाडीत अडकला. पेट्रोल अंगावर गळत होते आणि जवळ कोणी मदतनीस नव्हता. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्यूरंट या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि स्टिअरिंग उतरवून त्याला सोडविला. त्यानंतर स्टुअर्ट गाडीत स्वतःचा पाना बाळगू लागला आणि पट्टे, कठडे, डॉक्टर यांसाठी त्याने आयोजकांशी भांडण मांडले. भित्रा म्हणून त्याची हेटाळणी झाली. तीनदा जगज्जेता ठरलेल्या माणसाला भित्रा म्हणणारे लोक! आज प्रत्येक चालक त्याच्या त्या भित्रेपणामुळे जिवंत आहे.

चुकण्यात आम्हीही मागे नव्हतो. 2018 साली फॉर्म्युला वन गाड्यांवर चालकाच्या डोक्याभोवती टिटॅनियमची कमान सक्तीची झाली. तिला ‘हेलो’ म्हणतात. सुंदर गाडीला कोणी चपलेचा अंगठा लावावा तशी ती दिसे. आम्ही घरच्यांना ऐकवीत असू की आता शर्यत पाहण्यात राम नाही. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनला रोमाँ ग्रोझाँची गाडी लोखंडी कठडा फोडून गेली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. अठ्ठावीस सेकंदांनी तो माणूस ज्वाळांतून चालत बाहेर आला. हात भाजले होते. डोके शाबूत होते, कारण कठडा त्या कमानीने अडविला होता. ग्रोझाँ स्वतः पूर्वी त्या कमानीच्या विरुद्ध होता. आम्ही टेलिव्हिजनसमोर उभे राहिलो होतो, आणि आमची टीका कोणाच्या लक्षात राहू नये अशी इच्छा करीत होतो.

म्हणून शर्यत निर्धोक झाली असे आम्ही म्हणत नाही. 2023 सालीच आपल्या इरुंगट्टुकोट्टैला जानेवारीत एक अनुभवी मोटारचालक आणि ऑगस्टमध्ये तेरा वर्षांचा एक मोटारसायकलस्वार मुलगा मरण पावला. तेरा वर्षांच्या मुलाला त्या वेगात सोडावे काय, याचे उत्तर आमच्यापाशी स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पण तिथे प्रत्येक मृत्यूनंतर चौकशी होते आणि काहीतरी बदलते. आपल्या रस्त्यांवर 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसे गेली. त्यांतल्या कितींनंतर काय बदलले?

आता नव्या गाड्यांविषयी. ‘‘जुनी गाडी पोलादाची, नवी पत्र्याची’’ हे वाक्य आमच्या वयाच्या प्रत्येक माणसाच्या तोंडी असते. अँबॅसडर रणगाडा होती, हे खरे. पण रणगाडा भिंतीवर आपटला तर रणगाड्याला काही होत नाही, आतल्या माणसाला होते. ताशी साठ किलोमीटरांनी आपटणे म्हणजे सुमारे चौदा मीटरांवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणे. गाडीचे तोंड चुरगळले तर तो आघात तेवढा विभागला जातो. म्हणून पुढचा भाग मऊ आणि माणसांचा कप्पा कठीण, अशी रचना करतात. शर्यतीतल्या त्या पिंजऱ्याचेच हे सोज्ज्वळ रूप. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील काही लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या तेव्हा त्यांना एकही तारा मिळाला नाही. 2018 च्या डिसेंबरात पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात तयार झालेल्या गाडीला प्रथमच. त्या दिवशी आम्ही घरी श्रीखंड आणविले होते. चार वर्षांत केवढी मजल!

नव्या आराखड्यांची दुसरी बाजू मात्र आम्हांस पटत नाही. शर्यतीच्या गाडीची सारी बटणे स्टिअरिंगवर असतात, ती नुसत्या बोटांनी ओळखता येतात. कारण चालकाची नजर रस्त्यावरून हलता कामा नये. घरच्या नव्या गाडीत थंड हवा कमी करावयाची तर दूरचित्रवाणीएवढ्या पडद्यावर चित्र शोधावे लागते. ताशी ऐंशीच्या वेगात दोन सेकंद नजर हटली तर गाडी चव्वेचाळीस मीटर आंधळी धावते. युरोपातील एनकॅपने 2026 पासून पाच ताऱ्यांसाठी दिशादर्शक, हॉर्न, वायपर यांना हाताला लागणारी बटणे असावीत अशी अट घातली, ती उगीच नव्हे. शिवाय बॉनेट दरवर्षी उंच होत चालले आहे. समोरून लहान मूल गेले तर चालकाला दिसेल काय, हे कोणी विचारत नाही. शर्यतीकडून आपण मागचे पंख घेतले, आसनावरची लाल शिवण घेतली. तिची शिस्त दुकानातच राहिली.

आणि सनरूफ! गेल्या दिवाळीत जावईबापूंच्या नव्या गाडीतून आम्ही महाबलीपुरमला निघालो. ईस्ट कोस्ट रोडवर येताच आमची सात वर्षांची नात छतातून कमरेपर्यंत बाहेर उभी राहिली. केस उडताहेत, स्वारी खुशीत. आम्ही गाडी थांबवावयास लावली. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, सगळीच मुलं उभी राहतात.’’ जावईबापू भले गृहस्थ, काही बोलले नाहीत. पण पुढे महाबलीपुरमपर्यंत गाडीत कोणीच काही बोलले नाही. त्या गाडीत पट्टा न लावल्यास घंटी वाजते. ती वाजू नये म्हणून त्यांनी पट्ट्याच्या खाचेत बाजारात मिळणारी नुसती चकती अडकविली होती. पाच तारे विकत घेऊन त्यातले चार आपल्या हाताने विझविण्याचाच हा प्रकार. परतताना आम्ही नातीशेजारी मागे बसलो आणि तिला आमच्या स्नेह्यांची, त्यांच्या पेटीची आणि त्या फियाटची गोष्ट सांगितली. तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘आजोबा, तुमच्या गाडीत पट्टा नव्हता, की तुम्ही लावला नव्हता?’’

नव्हता. आमच्या हेरल्डीत नव्हताच. भारतात नव्या मोटारींना पुढच्या आसनांसाठी पट्टे सक्तीचे झाले ते 1994 साली. आमच्या स्नेह्यांना ही सबब पुरेशी होती. आज या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांतून आलेल्या कोणालाही ती सांगता येणार नाही.

सभा संपल्यावर आम्ही खाली आवारात थांबणार आहोत. बहुतेकांच्या गाड्यांत मागच्या आसनाचे पट्टे खोळीखाली दडपलेले असतात. ते बाहेर काढून द्यावयास आम्ही हत्यारांची पिशवी आणली आहे. एकेका गाडीला पाच मिनिटे पुरतात. तोवर बटाटेवडे थंड होऊ देणार नाही, असे चिटणीसांनी आम्हांस आश्वासन दिले आहे.