जग बुडालं तरी माप बाईचंच

(महिला गटांच्या अभ्यासशिबिरात प्रसारमाध्यमांवरच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

प्रसारमाध्यमांतल्या स्त्रीप्रतिमेबद्दल आपल्या चळवळीत पुष्कळ बोललं गेलं आहे. सिनेमाच्या पोस्टरवरची बाई, जाहिरातीतली बाई, मालिकेतली सोशिक सून. पोस्टरांना डांबर फासलं गेलं, मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदाही झाला. हे सगळं पडद्यावर काय दिसतं याबद्दल होतं. आज मला पडद्यासमोर बसलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे. तो बाईकडे कसा बघतो आणि बघून झाल्यावर काय करतो?

यासाठी मी एका अमेरिकन मालिकेचं उदाहरण घेते. 'द लास्ट ऑफ अस' हा मूळचा २०१३ सालचा व्हिडिओ गेम. त्याचा दुसरा भाग २०२०च्या जूनमध्ये आला. त्यावरून एचबीओ वाहिनीने मालिका केली. तिचा पहिला हंगाम २०२३ साली आणि दुसरा २०२५ साली दाखवला गेला. आपल्याकडेही ती हॉटस्टारवर आली होती. आपल्यातल्या अनेकींच्या घरातल्या तरुण मुलामुलींना ती माहीत असेल.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. एका बुरशीची साथ येते आणि माणसं हिंस्र होतात. सरकारं कोसळतात, शहरं ओस पडतात. जोएल नावाच्या माणसाची मुलगी पहिल्याच रात्री सैनिकाच्या गोळीने मरते. वीस वर्षांनी त्याच्यावर एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचं काम येतं. बाधित माणूस चावूनही एलीला रोग झालेला नाही, म्हणून तिच्यापासून औषध बनेल अशी डॉक्टरांना आशा आहे. पण त्या शस्त्रक्रियेत एली मरणार, हे कळल्यावर जोएल रुग्णालयात माणसं मारत सुटतो, डॉक्टरलाही मारतो आणि तिला घेऊन जातो. त्या डॉक्टरची मुलगी ॲबी. पुढे ती जोएलला शोधून काढते आणि ठार मारते.

म्हणजे जग बुडालेलं आहे. खायला अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही. अशा गोष्टीतल्या बायकांबद्दल प्रेक्षकांमधला एक मोठ्या आवाजाचा गट काय बोलत राहिला, ते ओळीने बघू.

पहिली एली. ही भूमिका बेला रॅमझी यांना मिळाली. २०२१ साली निवड जाहीर झाली तेव्हा त्यांचं वय सतरा होतं. लगेच सुरू झालं की चेहरा गेममधल्या एलीसारखा नाही, दिसायला बरी नाही. आपला लिंगभाव स्त्री किंवा पुरुष या दोन खान्यांत बसत नाही, हे रॅमझी यांनी २०२३च्या जानेवारीत उघडपणे सांगितलं. पण टीका करणाऱ्यांनी माप लावलं ते मुलीचंच. गोष्टीत ही मुलगी पळते, लढते, मरता मरता वाचते. ती सुंदर असायला हवी, असं त्या गोष्टीत कुठेही म्हटलेलं नाही.

दुसरी कॅथलीन. लष्करी राजवट उलथून टाकणाऱ्या बंडखोरांची ही म्होरकी. ही भूमिका न्यूझीलंडच्या मेलनी लिन्स्की यांनी केली. त्यांच्यावर आक्षेप आला तो शरीरावरून. असं भरलेलं अंग ऐषारामात राहणाऱ्या बाईचं असतं, सर्वनाशानंतरच्या पुढारी बाईचं नव्हे, असा त्याचा अर्थ होता. हे बोलली ती एक बाईच होती, मॉडेलिंगमध्ये काम केलेली. मापाची ही पट्टी बायकांच्याही हातात असते, हे आपल्याला सासर-माहेरच्या अनुभवातून वेगळं सांगायला नको. लिन्स्की यांनी शांतपणे उत्तर दिलं. या बाईने उठावाची आखणी केली आहे, तिला डोकं लागतं. अंगबळाची कामं करायला तिच्या हाताखाली माणसं आहेत.

तिसरी ॲबी, २०२०च्या गेममधली. दंड भरलेले, खांदे रुंद. बापाच्या खुनानंतर तिने वर्षानुवर्षं व्यायाम करून कमावलेलं शरीर. तिच्याबद्दल ओरड झाली की बाई अशी असूच शकत नाही. ती मुळात पुरुषच असणार, अशी आवईही उठली. वास्तविक ते शरीर एका खऱ्या व्यायामपटू स्त्रीच्या शरीरावरून घेतलेलं होतं. ताकदवान बाईवरचा हा संशय आपल्या ओळखीचा आहे. धावपटू द्युती चंद यांना २०१४ साली संप्रेरकांच्या नियमावर बोट ठेवून स्पर्धेबाहेर काढलं, तेव्हा त्यांना आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत जावं लागलं होतं.

चौथी पुन्हा ॲबीच, २०२५च्या मालिकेतली. केटलिन डेव्हर यांची अंगकाठी लहान. आता तक्रार उलटी झाली. ही किती बारकी, हिच्यात जोर कुठला?

चारही उत्तरं एकापुढे एक ठेवा. एक पुरेशी सुंदर नाही, एक जाड, एक फार दणकट, एक फार बारीक. मग योग्य माप कोणतं? मुलगी बघायला आलेल्या मंडळींना हा प्रश्न विचारला तर जे उत्तर मिळेल तेच इथेही मिळतं. योग्य माप नसतंच. मापायचा हक्क आपला आहे, एवढंच प्रत्येक वेळी पुन्हा सांगायचं असतं.

आता यातला जास्त गंभीर भाग. जोएलने एका मुलीसाठी रुग्णालयभर माणसं मारली. प्रेक्षकांनी त्याच्या कृत्यावर वाद घातला, पण बापाचं काळीज म्हणून पुष्कळांनी त्याला समजून घेतलं. ॲबीनेही बापासाठीच खून केला. तिच्या वाट्याला मात्र द्वेष आला, आणि तो पात्रापाशी थांबला नाही. २०२०च्या जुलैमध्ये, गेममध्ये ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांनी आपल्याला आलेल्या जिवे मारण्याच्या धमक्या लोकांसमोर ठेवल्या. पुढे मालिकेच्या दुसऱ्या हंगामाच्या चित्रीकरणात डेव्हर यांच्यासाठी जादा सुरक्षारक्षक ठेवावे लागल्याचं त्यांच्या सहकलाकाराने मुलाखतीत सांगितलं. पात्र लिहिणारे कोणी वेगळे, पण नटीला कामावर जाताना संरक्षण लागतं!

पुरुषांना त्रास झालाच नाही, असं मी म्हणणार नाही. गेमचे दिग्दर्शक नील ड्रकमन यांनाही धमक्या आल्या, ते ज्यू आहेत म्हणून शिव्या आल्या. पहिल्या हंगामाच्या तिसऱ्या भागात बिल आणि फ्रँक या दोन पुरुषांच्या सहजीवनाची गोष्ट आहे. तो भाग दाखवला गेला आणि त्याला मुद्दाम सर्वांत कमी गुण देणाऱ्यांची रांग लागली. एली आणि रायली या दोन मुलींच्या प्रेमाच्या भागाचंही तेच झालं. बाईचं शरीर, समलिंगी प्रेम, अल्पसंख्य धर्म यांवरचा राग एकाच ठिकाणाहून येतो, हे इथे स्पष्ट दिसतं. आपली लढाई एकटीची नाही, ती यामुळेच.

पण मैत्रिणींनो, निराश होऊन चालणार नाही, कारण हा आवाज मोठा असला तरी तो सगळ्यांचा नव्हता. वाहिनीच्या आकड्यांनुसार पहिला भाग अमेरिकेत पहिल्या रात्री सुमारे ४७ लाख लोकांनी पाहिला आणि हंगामाचा शेवटचा भाग ८२ लाखांनी. त्या दोन पुरुषांच्या गोष्टीवर असंख्य प्रेक्षक रडले. बिल झालेले निक ऑफरमन आणि रायली झालेल्या स्टॉर्म रीड यांना एमी पुरस्कार मिळाले. गोष्ट समलिंगी कशाला केली, असं विचारणाऱ्यांना ऑफरमन यांनी २०२४ साली एका पुरस्कार सोहळ्यात सुनावलं की ही प्रेमाची गोष्ट आहे.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. प्रत्येक टीकेला द्वेष म्हणून मोकळं होता येणार नाही. गेममधली दणकट ॲबी मालिकेत बारीक झाली, याचं अनेक बायकांना मनापासून वाईट वाटलं. कमावलेल्या अंगाची बाई पडद्यावर आधीच विरळा, ती एक होती तीही गेली, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. निर्माते म्हणाले, मालिकेतल्या गोष्टीला त्या शरीराची गरज नव्हती. यावर वाद घालता येतो आणि तो घालावा. पण निवड चुकली असं म्हणणं वेगळं आणि त्या नटीला घराबाहेर पडायची भीती वाटेल असं वागणं वेगळं. पहिल्यात प्रश्न निर्मात्यांना असतो. दुसऱ्यात शिक्षा बाईला असते.

हे आपल्या गटांमध्ये का बोलायचं? आपल्या मुली हे सगळं वाचत मोठ्या होत आहेत. नटीबद्दल लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्या आरशासमोर स्वतःला लावून बघतात. त्यांना 'असल्या मालिका बघू नका' म्हणून काही होणार नाही. त्यांच्याबरोबर बसून बघा, आणि मग गटात तीन प्रश्न घ्या. या बाईने गोष्टीत काय केलं? लोक तिच्या करणीबद्दल बोलले की अंगाबद्दल? तिच्या जागी पुरुष असता तर हेच बोलले असते का?

हे प्रश्न शेजारणीबद्दल, सुनेबद्दल, निवडून आलेल्या सरपंच बाईबद्दल बोलतानाही विचारता येतात. पुढच्या बैठकीत एखाद्या गटाने हे करून पाहावं आणि मुली काय म्हणाल्या ते आपल्या अंकासाठी लिहून पाठवावं, अशी माझी विनंती आहे.