आठवणीतून आलेलं हरीण



जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतलं तिसरं पुस्तक १९९९ साली आलं आणि त्यातून डिमेंटर नावाची भुतं मुलांच्या भेटीला आली. हे डिमेंटर म्हणजे अझ्काबानच्या तुरुंगाचे पहारेकरी. अंगभर काळा झगा, चेहरा टोपीत झाकलेला, आणि ते जवळ आले की हाडं गोठवणारी थंडी. माणसाच्या मनातला आनंद ते शोषून घेतात. मागे उरतात त्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट आठवणी. स्वतः भोगलेल्या नैराश्यातून डिमेंटर सुचले, असं रोलिंग यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. मला वाटतं, म्हणूनच ते इतके खरे वाटतात.

त्यांच्यावर उपाय एकच, पॅट्रोनस. मनात एखादी अतिशय आनंदाची आठवण घट्ट धरायची, मंत्र म्हणायचा, की कांडीच्या टोकातून चंदेरी प्रकाशाचा एक प्राणी झेप घेतो आणि डिमेंटरना पळवून लावतो. प्रत्येकाचा प्राणी वेगळा. देवादिकांच्या वाहनांची आठवण आपल्याला होणं साहजिक आहे; पण वाहन देवाच्या सोबतीला असतं, पॅट्रोनस माणसाच्या आतूनच उमटतो. तो आपण निवडायचा नसतो.

प्रोफेसर ल्यूपिन तेरा वर्षांच्या हॅरीला हा मंत्र शिकवतात, ते प्रकरण सावकाश वाचण्यासारखं आहे. हॅरी आधी पहिल्यांदा झाडूवर बसून उडाल्याची आठवण धरतो. ती पुरत नाही, तो बेशुद्ध पडतो. मग शाळेतला चषक जिंकल्याची आठवण. तीही पुरत नाही. तिसऱ्या खेपेला तो आठवतो तो क्षण, जेव्हा आपण जादूगार आहोत आणि मावशीच्या घरातून आपली सुटका होणार आहे, हे त्याला कळलं होतं. तेव्हा कुठे एक मोठी चंदेरी सावली उभी राहते. म्हणजे जिंकल्याचा आनंद वेगळा आणि आपल्यालाही कुठेतरी जागा आहे हे कळण्याचा आनंद वेगळा. डिमेंटरसमोर टिकतो तो दुसरा.

याच शिकवणीत एक फार अवघड गोष्ट रोलिंग सांगून जातात. डिमेंटर जवळ आला की हॅरीला आईवडिलांचे शेवटच्या रात्रीचे आवाज ऐकू येतात. तो वर्षाचा असताना ते मारले गेले. त्यांचा आवाज त्याला दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळणार नाही. त्यामुळे मंत्र साधावा असं वाटत असतानाच, आवाज पुन्हा ऐकू यावा असंही त्याला चोरून वाटत राहतं. दुःखाला कवटाळून बसण्यात एक ओढ असते, हे ज्यांनी जवळचं माणूस गमावलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ती ओढ सोडल्याशिवाय पॅट्रोनस येत नाही. मुलांच्या पुस्तकात हे इतकं स्पष्ट लिहायला धैर्य लागतं.

पुढे तळ्याकाठी शंभरएक डिमेंटर हॅरीला घेरतात. पलीकडच्या काठावरून कुणीतरी पॅट्रोनस सोडून त्याला वाचवतं. शुद्ध हरपता हरपता हॅरीला वाटतं, ते आपले वडीलच होते. मग काळ मागे फिरवण्याचं यंत्र वापरून तो त्याच रात्रीत परत येतो, तळ्याच्या दुसऱ्या काठाला झुडपाआड लपतो आणि वडिलांची वाट पाहत राहतो. कुणीच येत नाही. अखेर त्याच्या लक्षात येतं, की मघाशी आपण पाहिलं ते आपल्यालाच. तो पुढे होतो आणि मंत्र म्हणतो. पाण्यावरून दौडत जातं ते फांद्याफांद्यांच्या शिंगांचं नर-हरीण. त्याचे वडील जेम्स ज्या हरणाचं रूप घेत असत, नेमकं तेच. डिमेंटरना हाकलून ते परत येतं, काठावर हॅरीसमोर थांबतं, आणि ओल्या मऊ मातीत त्याच्या खुरांचा ठसा उमटत नाही. तो हात पुढे करतो तसं ते विरून जातं. वडील आले नाहीत, आणि आलेही. सातही पुस्तकांत माझ्या मते याच्या तोडीचा दुसरा प्रसंग नाही.

इतरांचे प्राणीही पाहण्यासारखे आहेत. हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिचं पाणमांजर, आणि पाणमांजर हा खुद्द रोलिंग यांचा आवडता प्राणी. शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांचा फिनिक्स, राखेतून पुन्हा जन्मणारा. ल्यूना हे चंद्राचं नाव, आणि तिचा पॅट्रोनस ससा. चंद्रावरचा ससा पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना हे लगेच उमगेल. टॉंक्सचा प्राणी तर प्रेमात पडल्यावर बदलतो आणि लांडगा होतो, कारण ती ज्यांच्यावर जीव लावून बसली आहे ते ल्यूपिन पौर्णिमेला नरलांडगा होतात.

२००७ साली आलेल्या शेवटच्या पुस्तकात एक हरिणी येते. डीनच्या जंगलात, कडाक्याच्या थंडीत, बर्फावर पाऊलखूण न उमटवता ती हॅरीला गोठलेल्या डबक्याकडे नेते. तळाशी तलवार असते. ही हरिणी कुणी पाठवली हे बऱ्याच पुढे कळतं: हॅरीच्या शाळेतले शिक्षक स्नेप यांनी. हॅरीची आई लिली हिचा पॅट्रोनसही हरिणीच होता. ती जाऊन इतकी वर्षं लोटली, तरी तिच्यावर प्रेम करणाऱ्या या कडवट माणसाच्या आत तिचंच रूप शाबूत होतं. मात्र या प्रेमाने स्नेप दयाळू झाले नाहीत. वर्गात हॅरीला त्यांनी छळलं ते छळलंच. वाचक हरिणी पाहून त्यांना सगळं माफ करतात, ते मला पटत नाही.

आणि जादूगारांच्या मंत्रालयातल्या अधिकारी अंब्रिजबाईंना तर विसरूच नका. मंत्रालयाच्या तळघरात, जादूगार नसलेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या जादूगारांची चौकशी चालू असते. आरोपी डिमेंटरच्या थंडीत कुडकुडत बसलेले, आणि बाईंच्या समोर त्यांचं चंदेरी मांजर ऐटीत येरझारा घालतंय. त्या उबेत बसून बाई लोकांची आयुष्यं उद्ध्वस्त करतात, आणि त्यात त्या मनापासून सुखी असतात. म्हणून मंत्र साधतो. पॅट्रोनस म्हणजे चांगुलपणाचा दाखला आहे, असा समज करून घेण्याची सोय लेखिकेने ठेवलेली नाही. माणूस कशात सुख मानतो, एवढंच तो सांगतो.

२०१६ साली रोलिंग यांच्या संकेतस्थळावर प्रश्नावली आली. उत्तरं दिली की तुमचा प्राणी कळतो. मुलांना त्याची भारी हौस असते, असू द्या. पण घरात कुणी ही पुस्तकं वाचत असेल, मूळ इंग्रजीत किंवा मराठी अनुवादात, तर त्याला प्राणी कोणता हे विचारून थांबू नका. डिमेंटर समोर आला तर तू कोणती आठवण धरशील, हे विचारा. आणि त्याने उलट विचारलं, तर तुमचीही खरीखुरी सांगा.